मानेच्या हालचालीवर चालणारा माउस : सहा आठवड्यांचा वापर आणि क्लिकचा प्रश्न

मी परळला राहते आणि घरूनच मुद्रितशोधनाचे काम करते. आठ वर्षांपूर्वी झालेल्या अपघातात मानेतील मज्जारज्जूला सी ६, म्हणजे मानेतील सहाव्या, पातळीवर इजा झाली. ही पातळी मुद्दाम लिहीत आहे, कारण कोणते साधन कोणाला चालेल हे शरीरात नेमकी कोणती हालचाल शिल्लक आहे यावर ठरते. माझे खांदे हलतात, कोपर वाकते आणि मनगट वर उचलता येते. बोटे स्वतःहून हलत नाहीत; मात्र मनगट वर उचलले की बोटांच्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) ताणल्या जातात आणि बोटे आपोआप थोडी मिटतात. चहाचा कप, पेन, दात घासायचा ब्रश, सगळे मी या एवढ्याशा मिटण्यावर निभावते.

आजवर संगणकावर काम करताना उजव्या तळव्याला पट्टा बांधून त्यात टायपिंगची काडी खोचायची आणि माउसऐवजी मोठ्या गोळ्याचा ट्रॅकबॉल हाताच्या कडेने फिरवायचा, अशी माझी रीत होती. ती वाईट नव्हती. पण दिवसाला ४०-५० पाने तपासायची वेळ आली की उजवा खांदा संध्याकाळपर्यंत भरून येई, आणि गेल्या वर्षी तर रात्री कुशीवर झोपणेही अवघड झाले. म्हणून डोक्याच्या हालचालीवर चालणारा माउस वापरून पाहायचे ठरवले. मला सापडलेला असा माउस परदेशातून मागवावा लागणार होता आणि त्याची किंमत एखाद्या बऱ्या लॅपटॉपच्या जवळ जात होती, त्यामुळे तो विकत घेण्याची माझी तयारी नव्हती. एका परिचितांनी त्यांच्याकडचा सहा आठवड्यांसाठी दिला, हे माझे भाग्य समजते.

हे उपकरण अंगठ्याएवढे असून चष्म्याच्या दांडीला किंवा डोक्याच्या पट्ट्याला अडकवता येते. आत जायरोस्कोप असतो. डोके किती वेगाने वळले हे तो मोजतो आणि तेवढा पॉइंटर सरकवतो. डावीकडे-उजवीकडे मान वळवली की पॉइंटर आडवा जातो, हनुवटी वर-खाली केली की उभा जातो. संगणकाला ते साधा माउसच वाटते, त्यामुळे वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागले नाही. त्याचा डोंगल (बिनतारी संदेश घेणारा छोटा तुकडा) संगणकाला लावला आणि पॉइंटर हलू लागला. आठ वर्षांनंतर हात मांडीवर ठेवून पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पॉइंटर नेला तेव्हा मी काही क्षण काहीच बोलू शकले नाही. आई शेजारी उभी होती, तिनेही काही विचारले नाही.

परंतु हा पहिल्या तासाचा आनंद होता आणि त्यावरून साधनाची परीक्षा करू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. तिसऱ्या आठवड्यातील एखाद्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता आपले शरीर काय म्हणते ते विचारावे. हाताचे काम मानेवर टाकले, तर त्याचा हिशेब मान ठेवते.

पहिली अडचण अचूकतेची आली. माझा पडदा १९२० पिक्सेल रुंद आहे. मान साधारण ३० अंशांत एका कडेपासून दुसऱ्या कडेला जावी, असा वेग मी ठेवला होता. म्हणजे एका अंशाला ६४ पिक्सेल. मुद्रितशोधनात मला एखाद्या अक्षराच्या आणि त्यापुढच्या अक्षराच्या मध्ये कर्सर ठेवावा लागतो. नेहमीच्या आकारात ती जागा जेमतेम आठ पिक्सेल भरते. मानेने अंशाच्या आठव्या भागाएवढी हालचाल करून तिथे थांबायचे, हे तासाला शंभर वेळा करणे कोणत्याही माणसाला जमणार नाही. मजकूर २०० टक्के मोठा केला, पॉइंटरचा वेग कमी केला, आणि मग ते आवाक्यात आले. वेग कमी केल्यामुळे कडेपर्यंत पोहोचायला मान जास्त वळवावी लागते, ही त्याची किंमत. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला नियम असा, की लक्ष्य जितके लांब आणि जितके लहान, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त. तो नियम मी शब्दशः मानेत अनुभवला. त्याच नियमाची एक सोय मात्र अशी, की पडद्याच्या कडेला पॉइंटर अडतो, त्यामुळे कडेवरच्या गोष्टी सहज सापडतात. रोज लागणारी सारी बटणे मी आता तळाच्या पट्टीवर आणून ठेवली आहेत.

दुसरी अडचण पॉइंटर आपोआप सरकण्याची. डोके स्थिर असतानाही पॉइंटर हळूहळू एका बाजूला वाहत जाई. तापमान बदलले की जायरोस्कोपचे शून्य थोडे ढळते, हे मला नंतर कळले. मे महिन्यातील दुपार, घामाने भिजलेला पट्टा आणि मग अचानक लावलेला एसी, हे सगळे एकत्र आले की हमखास असे होई. उपकरण काढून टेबलावर स्थिर ठेवले की काही सेकंदांत ते पुन्हा ताळ्यावर येते. पण ते काढायला आणि पुन्हा लावायला मला दुसऱ्या माणसाची गरज पडते. शेवटी पंख्याचा वारा कायम ठेवून एसी कामाच्या आधीच अर्धा तास लावण्याची सवय केली, तेव्हा हा त्रास बराच कमी झाला.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि मंचावरचा हा धागा मी खरे तर तिच्यासाठीच लिहीत आहे. पॉइंटर नेणे एक आणि क्लिक करणे दुसरे. या उपकरणात पॉइंटर ठरावीक वेळ एका जागी थांबला की क्लिक व्हावे, अशी सोय आहे. मी ती एका सेकंदावर ठेवली. मुद्रितशोधक म्हणजे ओळीवर थांबून वाचणारा माणूस. मी वाचत थांबले की क्लिक, विचार करत थांबले की क्लिक. दोनदा तर लेखकाच्या मजकुरात कर्सर भलत्याच जागी गेला आणि पुढची दुरुस्ती चुकीच्या शब्दात पडली. वेळ दोन सेकंदांवर नेली तर काम रेंगाळते. बारा दिवसांनी मी ही सोय पूर्ण बंद केली.

माझ्याजवळ खात्रीची एकच हालचाल आहे, मनगट वर उचलण्याची. बटण हाताखाली ठेवले तर दाबायला जोर लागतो, आणि स्नायूंना अचानक आकडी आली की हात खाली आपटून भलते क्लिक होते. म्हणून बटण हाताच्या वर ठेवले. ओळखीच्या सुतारकाकांनी सागवानाच्या फळकुटाची छोटी कमान करून दिली. ती टेबलाला शिकंजाने बसते, हात तिच्याखाली सपाट राहतो, आणि मनगट अर्धा इंच उचलले की हाताची मागची बाजू बटणाला टेकते. कमानीच्या आतून त्यांनी जुन्या सतरंजीचा तुकडा चिकटवला, कारण माझ्या हाताच्या त्या भागाला स्पर्श नीट कळत नाही आणि लाकडाने सोलवटले तर मला समजणारही नाही. हे मी त्यांना सांगितले नव्हते. त्यांनी स्वतःच विचारले होते.

आता तिथे कोणते बटण बसवावे आणि ते संगणकाला कसे जोडावे, यावर अडले आहे. मला सापडलेले तयार स्विच आणि त्याला लागणारा जोड दोन्ही बाहेरून मागवावे लागतील. कोणी येथे मुंबईत काही केले असल्यास कृपया लिहावे.

प्रतिसाद : सोल्डरगन

ताई, यासाठी बाहेरून काही मागवू नका. घरात एखादा जुना तारेचा माउस पडला असेल, तर तोच तुमचा जोड आहे. तो संगणकापासून काढून उघडा. डाव्या बटणाखाली एक छोटा काळा मायक्रोस्विच दिसेल. त्याला तीन पाय असतात. बटण दाबल्यावर ज्या दोन पायांत जोडणी होते ते मल्टिमीटरने शोधून घ्यावेत. त्या दोन पायांना दोन तारा सोल्डर करून त्यांची दुसरी टोके ३.५ मिमी मोनो सॉकेटला (हेडफोनची पिन बसते तशा खोबणीला) जोडावीत आणि सॉकेट माउसच्या कवचाला भोक पाडून बसवावे. अपंग व्यक्तींसाठीचे बहुतेक तयार स्विच याच ३.५ मिमी पिनेचे असतात, त्यामुळे पुढे कधी चांगला स्विच मिळाला तर तोही याच माउसला लागेल.

विंडोजला एकाच वेळी दोन माउस जोडलेले चालतात आणि दोघे मिळून एकच पॉइंटर चालवतात. म्हणजे डोक्यावरचा माउस पॉइंटर नेईल आणि हा जुना माउस फक्त क्लिक देईल. जुना माउस उलटा किंवा कपड्यात गुंडाळून ठेवावा, नाहीतर टेबल हलले की त्याचा प्रकाशकिरण पॉइंटर हलवील.

बटणासाठी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर खेळाच्या यंत्रांत लागणारी मोठी गोल बटणे मिळतात. ती हलक्या दाबाने लागतात असे दुकानदार सांगेल, पण दुकानातच हाताच्या मागच्या बाजूने दाबून पाहावे. आतील मायक्रोस्विच बदलून दाब कमी करता येतो. तुमच्या कमानीची जाडी कळवा, मी शनिवारी ग्रँट रोडला जाणार आहे. सोल्डरिंगही मी करून देईन, त्यासाठी पैशांचा विषय काढू नये.

प्रतिसाद : व्यवसायोपचारक

मी या शहरात बरीच वर्षे व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) करते, म्हणून दोन गोष्टी आग्रहाने लिहिते.

बटण हाताच्या वर नेण्याची आपली कल्पना योग्य आहे. फक्त एक काळजी घ्यावी. आपण ज्या मिटणाऱ्या पकडीचे वर्णन केले आहे ती बोटांच्या कंडरा थोड्या आखडलेल्या राहिल्या तरच टिकते. दिवसभर मनगट उचलून धरले असताना बोटे टेबलावर सरळ ताणून ठेवली, तर ही पकड सैल पडू शकते. म्हणून हात कमानीखाली ठेवताना बोटे टेबलाच्या कडेवरून मोकळी, किंचित मिटलेली राहतील असे पाहावे. आपल्या सुतारकाकांना सांगून कमान दोन इंच पुढे घेतली तरी पुरेल.

दुसरे मानेविषयी. मज्जारज्जूच्या इजेनंतर मानेत शस्त्रक्रियेत बसवलेली धातूची पट्टी असेल, तर सतत वळवण्याआधी आपल्या शल्यचिकित्सकांना विचारलेच पाहिजे. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेच्या थोडा खाली आणि बरोबर समोर असावा. खुर्चीत बसून त्वचेवर येणारा दाब कमी करण्यासाठी आपण अधूनमधून पुढे झुकत असाल. त्या वेळी डोक्यावरचा माउस बंद करण्याची सोय हाताशी हवी, अन्यथा त्या दोन मिनिटांत मजकुरात काय काय होईल सांगता येत नाही.

कोणत्याही रुग्णाला मी हेच सांगते, की उपकरण आधी वापरून पाहावे आणि मग विकत घ्यावे. मुंबईत त्यासाठी विचारायला जागा आहेत. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करते. केईएम आणि सायन या रुग्णालयांतही व्यवसायोपचार विभाग आहेत. परळच्या रहिवाशांना तर अभिमान वाटावा, कारण कमला निंबकर यांनी १९५० साली व्यवसायोपचाराचे शिक्षण केईएममध्येच सुरू केले.

प्रतिसाद : पानगळ

मला कळत नाही, की आजच्या काळात डोक्यावर यंत्र बांधायचे कशाला. मला आमवात आहे, दोन्ही हातांची बोटे वाकडी झाली आहेत आणि मी फोनवर मराठीत बोलून लिहितो. गूगलने २०१७ साली मराठी आवाजी टंकलेखन दिले तेव्हापासून माझे सगळे लेखन असेच चालते. विंडोज ११ मध्ये तर सगळा संगणकच आवाजावर चालवता येतो. मान दुखवून घेण्यापेक्षा हा मार्ग बरा नाही का?

धागाकर्ती

सर्वप्रथम सोल्डरगन यांचे आभार. दादा, कमानीची जाडी १८ मिमी आहे. व्यवसायोपचारक ताईंची बोटांविषयीची सूचना मला कोणीही कधी सांगितली नव्हती, ती मी आजच अमलात आणते. मानेत पट्टी आहे, आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना मी आधी विचारले होते. मर्यादित कोनात वळवायला त्यांची हरकत नाही.

पानगळ काका, आपले म्हणणे लेखनाच्या बाबतीत अगदी खरे आहे आणि पत्रे मीही बोलूनच लिहिते. माझे काम मात्र दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरातील एखादा ऱ्हस्व इकार दीर्घ करण्याचे आहे. ‘चौथ्या परिच्छेदातील सहाव्या ओळीतील तिसऱ्या शब्दातील वेलांटी’ हे तोंडाने सांगून होत नाही. तिथे जावेच लागते. आवाजाने संगणक चालवण्याच्या ज्या आज्ञा आहेत त्या मी इंग्रजीत देते, आणि मराठी मजकुराच्या मध्यभागी त्या देताना रोज अडखळते. शिवाय आमची खोली दहा बाय बारा आहे, भाऊ रात्रपाळी करून दिवसा झोपतो. तासन्‌तास बोलत बसणे त्याच्यावर अन्याय ठरेल.

टंकलेखनासाठी पडद्यावरचा कीबोर्ड मी इन्स्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण) मांडणीत वापरते. व्यंजनात अकार धरलेला असल्यामुळे ‘कमल’ लिहायला तीन क्लिक पुरतात, रोमन अक्षरांतून लिहायचे तर पाच लागतात. बोटांनी लिहिणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. मानेने लिहिणाऱ्याला एका पानात तो फार मोठा होतो. जोडाक्षरांसाठी शिफ्ट लागली तर स्टिकी कीज चालू ठेवते, म्हणजे शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी पुढच्या अक्षरापर्यंत धरलेली राहते. मजकूर निवडायलाही तीच युक्ती: सुरुवातीला क्लिक, मग शिफ्ट, मग शेवटी क्लिक. बटण दाबून धरून ओढत नेणे त्यामुळे टळते. ज्यांना ओढण्यावाचून गत्यंतर नाही त्यांनी माउसच्या सेटिंगमधील क्लिकलॉक पाहावे. थोडा वेळ दाबून सोडले की बटण धरलेलेच राहते.

प्रतिसाद : चाफा

मी मुलुंडहून लिहिते. माझ्या मुलाला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुर्बळ करणारा आजार) आहे, तो बारावीत आहे. त्याच्या बाबतीत आपल्या अगदी उलट आहे. दंड आणि खांदे उचलत नाहीत, मान लवकर थकते, पण अंगठा आणि तर्जनी अजून नाजूक हालचाल करतात. डोक्याचा माउस एका दुकानदाराने आम्हाला फार आग्रहाने सुचवला होता आणि आम्ही आगाऊ पैसे भरायच्या बेतात होतो. आपला धागा वाचून थांबलो. त्याच्यासाठी काय पाहावे?

प्रतिसाद : व्यवसायोपचारक

ताई, थांबलात हे फार चांगले केलेत. ज्या मुलाची मान थकते त्याच्या मानेवर पॉइंटरचे काम टाकू नये. अंगठ्याने फिरणारा लहान ट्रॅकबॉल किंवा छोटा टचपॅड व्हीलचेअरच्या हातावर, त्याचा हात जिथे आपोआप विसावतो नेमका तिथे बसवून पाहावा. हात उपकरणापर्यंत न्यायचा नाही, उपकरण हाताजवळ आणायचे. क्लिकसाठी वर सांगितलेला जुना माउस आणि एक सुटा मायक्रोस्विच तर्जनीखाली ठेवावा. हा आजार वाढत जाणारा आहे, म्हणून दर सहा महिन्यांनी ही जागा आणि हा दाब पुन्हा तपासावा लागेल. त्यामुळे आज महाग आणि एकाच पद्धतीने चालणारी वस्तू घेऊ नये.

धागाकर्ती

सहावा आठवडा संपला, म्हणून ठरल्याप्रमाणे लिहिते. सोल्डरगन दादा रविवारी घरी आले आणि बटण कमानीत बसवून गेले. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले पहिले बटण जड निघाले, तेव्हा त्यांनी आतील मायक्रोस्विच बदलला. बोटे आता टेबलाच्या कडेवरून मोकळी असतात.

डोक्यावरचा माउस मी परत केला आहे. सलग दीड तासापुढे मानेच्या मागे कळ येई आणि विश्रांती घेतल्यावरही पूर्ण जात नसे. पण बटण मात्र राहिले. उजव्या हाताच्या कडेने ट्रॅकबॉल फिरवायचा आणि क्लिक डाव्या मनगटाने करायचे, अशी आता विभागणी आहे. ट्रॅकबॉलचे बटण दाबायला उजवा खांदा प्रत्येक वेळी किंचित उचलावा लागत होता, हे या सहा आठवड्यांत क्लिक वेगळे केल्यामुळेच माझ्या लक्षात आले. दुखणे तिथून येत होते. काल ४४ पाने झाली आणि रात्री मी उजव्या कुशीवर झोपले.

प्रतिसाद : चाफा

आम्हीही करून पाहिले. त्याच्या मामाने जुना माउस उघडून तार जोडली आणि स्विच चिकटपट्टीने खुर्चीच्या हाताला लावला. तीन वर्षांनी त्याने भूमितीची आकृती स्वतः संगणकावर काढली, मी फक्त पाहत होते. एक अडचण आहे. तो रात्री उशिरापर्यंत अभ्यास करतो आणि स्विचच्या टकटकीने धाकटी उठते. आवाज न करणारा मायक्रोस्विच मिळतो का?

प्रतिसाद : सोल्डरगन

मिळतो. त्याच्या बोटाला किती हलका दाब हवा ते कळवा, शनिवारी दोन प्रकारचे घेऊन मुलुंडला येतो.